खरी नक्कल

खेळण्याला कोणता रंग द्यावा, या प्रश्नाशी नीतीचा संबंध तो काय, असे वाचकांपैकी कोणी म्हणाले तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत तेच होते. परंतु आमच्या थोरल्या मेहुण्यांनी, ज्यांना सारे घर अप्पा म्हणते, रेल्वेचा एक छोटा डबा करावयास घेतला आणि त्या डब्याने आमच्या घरातील माणसांच्या आठवणी, मते आणि काही अंशी मनेही ढवळून काढली, तेव्हा हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, हे आमच्या ध्यानात आले.

अप्पांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकविली. निवृत्तीनंतर जाड पुठ्ठा, प्लायवूड आणि पितळी तार यांपासून रेल्वेचे डबे करण्याचा त्यांना नाद लागला. प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूचा सुमारे शहात्तरावा भाग. १९६८ साली लग्न झाल्यावर आमच्या ताईला घेऊन ते ग्वाल्हेरहून झाशीस ज्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गेले, तो डबा त्यांना करावयाचा होता. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला, आणि तसले डबेही यथावकाश भंगारात गेले. अप्पांचा डबा मात्र तयार झाला. लांबी सुमारे २८ सेंटिमीटर. खिडक्यांचे गज मोजून बसविलेले. रंगापाशी मात्र काम अडले. अप्पांच्या आठवणीतला डबा वीटकरी होता. ताईच्या आठवणीतला डाळिंबाच्या सालीसारखा, किंचित जांभळट. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो आणि फलाटावर उभे राहून रडत होतो. आम्हास तो जवळजवळ चॉकलेटी आठवतो.

"मी आयुष्यभर पोरांना रंग शिकवले, मला एका डब्याचा रंग आठवणार नाही होय?" अप्पा म्हणाले.

"आणि चढताना मी दाराशी उभी राहून त्या पत्र्यावर हात टेकवला होता, ते विसरलात वाटतं," ताई म्हणाली.

तिघेही खरे बोलत होतो. तिघांचेही खरे असणे मात्र शक्य दिसत नव्हते.

हा वाद केवळ आमच्या घरचा नाही. ज्या देशात रेल्वे जन्मली त्या ब्रिटनमध्ये छोट्या प्रमाणातील इंजिने, डबे आणि वाघिणी करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, आणि जुन्या गाड्यांच्या रंगांविषयी तेथे कित्येक पिढ्या वाद चालू आहेत. अशा अभ्यासकांची हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी तेथे १९५० साली स्थापन झाली. १९२३ साली शे-सव्वाशे कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या, त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा रंग निराळा होता आणि तो त्या कंपनीच्या अभिमानाचा विषय होता. मिडलंड रेल्वेने १८८३ साली किरमिजी रंग घेतला. ग्रेट ईस्टर्नची इंजिने गडद निळी असत. कॅलेडोनियनचा निळा त्याहून फिका. ज्याला १८९० सालचे इंजिन करावयाचे आहे त्याने हा रंग कोठून आणावा?

ज्ञान कशाने होते, हा प्रश्न आपल्याकडे नैयायिकांनी फार बारकाईने हाताळला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणे. छोटे इंजिन रंगविणारा गृहस्थ न्यायशास्त्र न वाचताही नेमक्या याच चार दारांवर थाप मारतो, आणि प्रत्येक दार त्याला अर्धेच उघडते.

प्रथम प्रत्यक्ष. जुन्या रंगाचा तुकडा हाती आला तर प्रश्न सुटला, असे वाटते. पण जुने रंग जवसाच्या तेलात घोटलेले असत आणि वर रोगणाचे हात दिलेले असत. तेल आणि रोगण काळाने पिवळे पडते. सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, गंधकाच्या धुराने काळवंडतो, आणि कोळशाच्या इंजिनाभोवती गंधकाच्या धुराला तोटा नव्हता. किरमिजी जातीचे काही सेंद्रिय रंग उन्हाने उडतात. अशा रंगांना इंग्रजीत जे 'लेक' म्हणतात तो शब्द आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. तात्पर्य, शंभर वर्षांपूर्वीच्या रंगाचा तुकडा आपण आज पाहतो तेव्हा प्रत्यक्ष दिसते ते त्या रंगाचे वार्धक्य. त्याचे तारुण्य अनुमानानेच जाणावे लागते.

मग अनुमान. जुनी छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण ती कृष्णधवल. आणि त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिशय हळव्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे तांबडे इंजिन छायाचित्रात काळे दिसते आणि निळे फिकट. याहून गमतीची गोष्ट अशी, की कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडले की अधिकृत छायाचित्रासाठी त्याला पुष्कळदा खास राखाडी रंग देत, कारण त्या रंगात यंत्राचे बारकावे स्वच्छ उमटत. चित्र निघाल्यावर इंजिनाला त्याचा खरा रंग मिळे. म्हणजे जो पुरावा सर्वांत अधिकृत, तो अशा रंगाचा की ज्या रंगात ते इंजिन रुळांवर कामास कधी धावलेच नाही. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे वाचून आश्चर्य वाटले नाही.

तिसरे उपमान. गवय कसा, तर गाईसारखा. तसा हा रंग कसा, तर अमक्या रंगपत्रिकेतील तमक्या चौकोनासारखा. ब्रिटनमध्ये छटांना क्रमांक देणारी मानके १९३० च्या सुमारास आली. आपल्याकडेही तयार रंगांच्या छटांचे भारतीय मानक आहे. पण निरनिराळ्या द्रव्यांचे दोन रंग दिवसाच्या उजेडात हुबेहूब जुळतात आणि विजेच्या दिव्याखाली एकमेकांपासून फटकून वागतात, हा अनुभव साडीला ब्लाउजचे कापड जुळविणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. शिवाय आकाराचा एक परिणाम असतो. मूळ डब्यावर जो रंग शोभतो तोच जसाच्या तसा वीतभर डब्यावर लावला तर तो अधिक काळा आणि जड भासतो. खरा डबा आपण दुरून पाहतो आणि मधली हवा त्याच्या रंगात थोडी पांढरी धूसरता मिसळते. म्हणून जाणते कारागीर रंगात मुद्दाम किंचित पांढरा घालतात. म्हणजे रंग खरा दिसावा म्हणून तो थोडा खोटा करावा लागतो.

उरला शब्द, म्हणजे विश्वसनीय माणसाचे वचन. याचे एक नामांकित उदाहरण ब्रायटनच्या रेल्वेचे आहे. विल्यम स्ट्राउडली हा १८७० पासून १८८९ साली मृत्यू येईपर्यंत तिचा इंजिन-अधीक्षक होता. त्याने आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचे नाव 'सुधारलेला इंजिन-हिरवा'. आता हे नाव वाचून कोणी हिरवा रंग कालविला तर तो सपशेल फसला, कारण हा रंग चक्क पेवडीसारखा सोनेरी पिवळा आहे. १८८२ सालचे त्याचे 'ग्लॅडस्टन' नावाचे इंजिन १९२७ साली एका हौशी मंडळाने विकत घेऊन जतन केले. ते आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. स्ट्राउडली रंगांध असावा, असा विनोद तेव्हापासून चालत आला आहे. नावाचा अर्थ 'इंजिनांच्या हिरव्यात केलेली सुधारणा' असा घेतला की कोडे सुटते, पण तो अर्थ रंग पाहिल्यावर सुचतो. शब्द खरा होता, आणि तरीही त्याने एकट्याने सत्य सांगितले नसते. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आमच्या आत्याबाईंच्या पेटीतील लुगड्याचा रंग 'चिंतामणी' म्हणून सांगत. चिंतामणी म्हणजे नेमका कोणता, यावर आज आमच्याच नात्यातील दोन घरांत एकमत होत नाही.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की आमच्या घरातील वाद या चारांपैकी कशावरच चालला नव्हता. तो चालला होता स्मृतीवर, आणि स्मृतीला नैयायिकांनी यथार्थ अनुभवाच्या पंक्तीत बसूच दिले नाही. स्मृती पूर्वीच्या अनुभवाची उजळणी करते. तो अनुभव मध्यंतरी किती पुसला गेला, हे तिला स्वतःला कळत नाही. अप्पांनी डबा दुपारच्या उन्हात पाहिला असेल, ताईने पाणावल्या डोळ्यांनी. आणि पुढे आयुष्यात पाहिलेले शेकडो तांबडे डबे त्या एका डब्यावर हात देऊन गेले असतील.

येथपर्यंतचा प्रश्न ज्ञानाचा झाला. याहून कठीण प्रश्न असा, की मूळ रंग म्हणून एक काही होते काय? कारखान्यात रंगारी खलात रंग घोटीत, प्रत्येक घाणीची छटा निराळी निघे. नवा डबा, वर्षभर उन्हापावसात फिरलेला डबा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा रंगविलेला डबा, तिन्ही एकाच गाडीला एकाच दिवशी जोडलेले असत. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे डबे चॉकलेटी-मलईदार म्हणून प्रसिद्ध. पण १९०८ साली ते सबंध तपकिरी झाले, १९१२ साली किरमिजी, आणि १९२२ साली पुन्हा जुन्या रंगावर आले. आपल्या डेक्कन क्वीनचे पाहा. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ती सुरू केली तेव्हा तिच्यासाठी डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डेक्कन क्वीनचा मूळ रंग कोणता, या प्रश्नाला तिच्या बालपणीच दोन उत्तरे होती. त्यानंतर किती रंग बदलले! २०२२ साली तिला नवे डबे मिळाले तेव्हा रंगसंगतीही पुन्हा नवी झाली. प्रत्येक पिढीचा प्रवासी आपल्या पहिल्या प्रवासातील रंगाला खरा म्हणतो आणि बाकीच्यांना बिघाड.

'फ्लाइंग स्कॉट्समन' या जगप्रसिद्ध इंजिनाची कथा याहून बोधप्रद आहे. १९२३ साली बांधलेले हे इंजिन सफरचंदी हिरव्या रंगासाठी लोकांच्या मनात घर करून आहे. युद्धकाळात ते काळे झाले, राष्ट्रीयीकरणानंतर निळे आणि मग गडद हिरवे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत त्याला दुहेरी धुरांडे आणि धूर वर उडविणाऱ्या बाजूच्या पत्र्या बसल्या. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ साली ते पुन्हा रुळांवर आले ते गडद हिरव्या रंगात, कारण त्याच्या अंगावरील धुरांडे आणि पत्र्या ज्या काळच्या, त्या काळचा रंग तोच होता. पुष्कळांचा हिरमोड झाला. परंतु सफरचंदी हिरवा आणि त्या पत्र्या ही जोडी इंजिनाच्या सेवेतील कोणत्याच दिवशी एकत्र नव्हती. लोकांना जे हवे होते ते सेवाकाळातील कोणाच्याच आठवणीतले नव्हते, ते दोन आठवणींचे मिश्रण होते. यातून आम्हांस एक नियम दिसतो. भूतकाळाशी प्रामाणिक राहावयाचे तर आधी एक तारीख ठरवावी लागते. 'पूर्वीचा रंग' असे काही नसते. '१९६८ च्या उन्हाळ्यातला रंग' असे काही असू शकते.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. हा सारा सोवळेपणा निवडक आहे, असा तो आक्षेप. ब्रिटनमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेल्या प्रमाणात फुटाला चार मिलिमीटर धरतात, पण त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. मूळ रूळ चार फूट साडेआठ इंचांवर. हिशेबाने अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. म्हणजे त्या छोट्या जगात रूळ सुमारे सात इंचांनी अरुंद आहेत. काही निष्ठावंत १८.८३ मिलिमीटरचेच रूळ घालतात. बहुसंख्य लोक मात्र अरुंद रुळांवर उभ्या इंजिनाच्या हिरव्या छटेवरून भांडतात. मग या भांडणाला अर्थ काय? छोट्या इंजिनात कोळसा नाही, वाफ नाही, तहानलेला फायरमन नाही. इतके खोटे चालते, तर एक रंग खोटा चालावयास कोणती हरकत आहे?

याचे उत्तर आम्हांस आमच्या गावातच सापडले. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनगृहात शिंदे महाराजांची चांदीची आगगाडी आहे. लांबच लांब मेजावरून ती पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन फिरे; सुरई उचलली की गाडी थांबे. जगातले कोणतेही इंजिन चांदीचे नव्हते, पण त्या गाडीला खोटी म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ती कशाची साक्ष देत नाही, पाहुण्यांचे मनोरंजन करते. खोटेपणा दाव्यातून येतो. अरुंद रुळांचा कारागीर 'माझे रूळ खरे आहेत' असे म्हणत नाही. ती सर्वांना ठाऊक असलेली तडजोड आहे. पण तोच जेव्हा डब्याखाली '१९६८' असे लिहितो, तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ज्यांनी तो डबा पाहिला नाही ते त्याच्यावर विश्वास ठेवून म्हणणार, 'असा होता'. हा विश्वास जिथे सुरू होतो तिथे नीती सुरू होते. डबा किती लहान आहे याला महत्त्व नाही.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगणे भाग आहे. नोकरीत असताना आम्ही हजारो कागदांवर 'सत्य प्रतिलिपि' असा शिक्का मारून सही केली. एकदा जमिनीच्या एका जुन्या कागदाची नक्कल आमच्यापुढे आली. मूळ कागद वाळवीने खाल्लेला, एका ओळीतले दोन शब्द नाहीसे झालेले. नक्कल करणाऱ्या कारकुनाने ते दोन शब्द अंदाजाने भरले होते. अर्जदार म्हातारा, लांबच्या गावाहून तिसऱ्यांदा आलेला. आम्हांस दया आली आणि आम्ही सही केली. पुढे काही वर्षांनी त्याच कागदाची दुसरी जुनी प्रत निघाली, आणि त्यात नेमके तेच दोन शब्द होते. सहकारी म्हणाले, "पाहा, तुमची सही खरी ठरली." आम्हांस मात्र तेव्हाही तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. शब्द खरे होते. सही खोटीच होती. आम्ही 'पाहिले आणि जुळले' असे लिहून दिले होते, आणि आम्ही पाहिलेले नव्हते.

बाराव्या शतकातील श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात असाच पेच मांडला आहे. एकाने मुठीत कवड्या लपविल्या. दुसऱ्याने अंदाजाने 'पाच' म्हटले. मूठ उघडली तर पाचच. त्याला ज्ञान होते असे म्हणावयाचे काय? बोलणे वस्तुस्थितीशी जुळले, पण जुळण्याला आधार नव्हता. रंगाचेही असेच आहे. कोणी अंदाजाने कालविलेला रंग योगायोगाने अचूक निघेल. तो रंग खरा म्हणता येईल, पण तो रंग देणारा माणूस खरा साक्षीदार ठरणार नाही. उलट ज्याने सारे पुरावे तपासले, आपल्या अंदाजाची जागा दाखवून दिली आणि तरी छटा थोडी चुकली, त्याला आम्ही खरा म्हणू.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्यात एक सुज्ञ तत्त्व आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे, आणि जे नव्याने जोडावे लागेल ते जुन्यापासून वेगळे ओळखू आले पाहिजे. देवळाच्या भग्न शिखराला हे लागू पडते. ते भग्नच ठेवता येते. पण डबा अर्धा रंगवून कसा ठेवणार? रंगाविना डबा हाही एक खोटा डबाच. छोट्या प्रतिकृतीच्या कर्त्याला तर्कापाशी थांबण्याची मुभा नाही. त्याला निर्णय द्यावाच लागतो. अपुऱ्या कागदांवर ठरलेल्या मुदतीत निकाल लिहिण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ही स्थिती परिचित असेल. अशा वेळी कर्तव्य दुहेरी असते. निर्णय टाळू नये, आणि तो निर्णय आहे हे लपवू नये.

आमच्यासारख्या घरांना हा विचार थोडा अधिक लागू आहे, असे आम्हांस वाटते. शिंद्यांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले, तसे कोणी गायकवाडांबरोबर बडोद्यास गेले, कोणी होळकरांबरोबर इंदुरास. आम्ही सारे एका अर्थाने प्रतिकृती सांभाळणारे लोक आहोत. आमच्या मंगळागौरीचा क्रम, आमची आमटी, आमचे 'करावयाचे' आणि 'जावयाचे' हेच मूळ मराठी, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा दावा असे. पुण्याचे पाहुणे ते ऐकून हसत आणि आमच्या बोलण्यातील हिंदीकडे बोट दाखवीत. दोघांनाही तारीख ठरवावयाचे सुचले नाही. आम्ही जपला तो दीडदोनशे वर्षांपूर्वीचा एक हात, त्यावर इथल्या उन्हाचा पिवळेपणा. त्यांच्याकडे मूळ पत्र्यावर पुढचे चार हात चढलेले. यात कमीअधिक कोणी नाही. मात्र मुलानातवंडांना 'हे असेच होते' म्हणून सांगताना, यातले किती आजीकडून आले आणि किती आम्ही अंदाजाने भरले, हे सांगण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. ती आम्ही फारशी पाळलेली नाही, हेही कबूल केले पाहिजे.

अप्पांच्या डब्याकडे परत येऊ. त्यांनी भंगारवाल्याकडून जुन्या डब्याच्या पत्र्याचा हातभर तुकडा मिळविला. बारीक पाणकागदाने तो एका ठिकाणी गोल गोल घासला, तेव्हा झाडाच्या खोडावर दिसावीत तशी वलये दिसू लागली: वर निळा, त्याखाली तांबडा, त्याखाली आणखी एक तांबडा, अधिक गडद, मग अस्तर, मग लोखंड. तो तुकडा त्याच मार्गावरच्या डब्याचा होता याला आधार नाही. पण त्या पिढीच्या डब्याचा होता. सर्वांत खालचा तांबडा वीटकरीही नव्हता, डाळिंबीही नव्हता, चॉकलेटीही नव्हता. ओला केल्यावर तो ताईच्या रंगाकडे झुके, वाळल्यावर अप्पांच्या.

एवढ्यात घरात दुसरीच गोष्ट घडली. ताईच्या डोळ्यांत काचबिंदू पुष्कळ दिवसांचा. त्या हिवाळ्यात नजर फारच उतरली. उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, रंग फारसे कळत नाहीत. ज्या एका व्यक्तीसाठी डबा करावयाचा तिलाच रंग दिसणार नव्हता. आमच्या भाच्याने सरळ मनाने सुचविले, की आईच्या आठवणीतला डाळिंबी द्यावा आणि तिला तसे सांगावे, ती सुखावेल. आम्हांसही क्षणभर ते पटले. अप्पांनी ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "अरे, तिला दिसत असतं तर मी एखादे वेळी चुकलोही असतो, तिने चूक काढली असती. आता ती माझ्या शब्दावर विसंबणार. आता कशी लबाडी करू?"

आम्ही या वाक्यावर पुष्कळ विचार केला. कोणी तपासणारा असतो तेव्हा आपण बरोबर वागतो त्यात भीतीचा वाटा किती आणि निष्ठेचा किती, हे कळत नाही. तपासणारा उरला नाही की निष्ठा एकटी उरते. भूतकाळाच्या बाबतीत नेमके हेच आहे. १८९० सालचा ब्रायटनचा रंगारी येऊन 'माझा पिवळा असा नव्हता' म्हणून तक्रार करणार नाही. मृतांना आपली चूक दिसत नाही, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना अधिक काळजी घ्यावयाची. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला हिरमजीचे हात देणाऱ्या त्या अज्ञात माणसानेही दिवसभर उभे राहून काम केले होते. त्याने काय केले हे सांगताना आपल्याला शोभेल ते सांगू नये.

अप्पांनी पत्र्यावरचा सर्वांत खालचा तांबडा घेतला, जुन्या तेलाचा पिवळेपणा वजा धरून त्यात निळसर छटा किंचित वाढविली, छोट्या आकारासाठी थेंबभर पांढरा घातला, आणि तीन पातळ हात दिले. मग डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले: कोणत्या वर्षाचा डबा, रंग कशावरून घेतला, काय वजा धरले, काय वाढविले, आणि घरातील तिघांच्या आठवणी काय होत्या. ती तिसरी ओळ त्यांनी का घातली असे आम्ही विचारले, तर म्हणाले, की स्मृती प्रमाण नसेल, पण तीही घडलेली गोष्टच आहे.

डबा ताईच्या हाती दिला तेव्हा तिने दारापाशी बोट टेकवून पत्रा चाचपला.

"कोणता दिलात शेवटी?"

"तुझाही नाही, माझाही नाही. पत्र्याखाली निघाला तो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुष्कळ वेळ डबा मांडीवर घेऊन बसली.

नंतर अप्पांनी थट्टेने तो आमच्यापुढे धरला. "तू एवढ्या सह्या केल्यास, यावरही एक कर. लिही, खरी नक्कल." आम्ही लेखणी घेतली आणि बराच वेळ थांबलो. शेवटी त्यांच्या ओळींखाली आम्ही लिहिले, 'मूळ डबा वयाच्या नवव्या वर्षी पाहिला, नीट आठवत नाही. हा रंग आमच्या समक्ष दिला.' त्याखाली सही केली आणि तारीख घातली.